मऊ खडूंची हौस

 

आजचा विषय आहे चित्रकलेचा. बाजारात ज्याला ‘सॉफ्ट पेस्टल’ म्हणतात, त्या मऊ रंगीत खडूंनी घरच्या घरी चित्र कसं काढायचं आणि ते काढताना एवढं बरं का वाटतं, ते मी आज सांगणार आहे.

बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं काही जणींना वाटेल. कारण गटात आपण काहीही शिकलो की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : यातून महिन्याला किती सुटतील? पापड-कुरडया असोत, शिवणकाम असो, शेळीपालन असो, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण आजच्या कामातून एक रुपयाही सुटणार नाही, हे मी आधीच सांगते. आपल्याकडे म्हणतात ना, हौसेला मोल नसतं. ही गोष्ट हौसेची आहे.

मी बी.ए. झाले, म्हणजे कला शाखेची. पण त्या कलेत चित्रकला नव्हती. शाळा सुटल्यावर रंगाला हात लावला तो थेट चार वर्षांपूर्वी, या खडूंच्या निमित्ताने. आजही मी चित्रकार नाही, हौशी आहे. त्यामुळे एका हौशी बाईला दुसरीला जेवढं सांगता येतं, तेवढंच सांगते.

आधी हा खडू म्हणजे काय ते समजून घेऊ. कोणताही रंग मुख्यतः दोन गोष्टींनी बनतो. एक म्हणजे रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तेलरंगात ही पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. जलरंगात ती बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात कालवलेली असते. शाळेतली मुलं जे तेलकट खडू वापरतात, त्या ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि तेल असतं. मऊ खडूमध्ये मात्र हा चिकट पदार्थ अगदी नावापुरता असतो. कांडी हातात धरता यावी, एवढाच. बाकी सगळी रंगाची पूड, आणि कांडीला अंग यावं म्हणून मिसळलेली पांढरी खडूची पूड. म्हणून याचा रंग कागदावर इतका भरदार दिसतो. मधे तेल नाही, मेण नाही, थेट रंगच.

फळ्यावर लिहायचा खडू वेगळा बरं का. आपल्याकडे काही गट तो तयार करतात, साच्यात प्लास्टर ओतून. त्याच्या रंगीत कांडीतही रंग फार थोडा असतो, त्यामुळे कागदावर तो फिका उमटतो.

पूड आणि चिकट पदार्थ ही जोडी आपल्या भागाला नवी नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे दगडाच्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचं तूस आणि गवता-झाडांचे धागे मिसळलेले होते. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्रं रंगवली. लाल आणि पिवळा रंग मातीतून, म्हणजे आपल्या गेरू आणि पिवडीच्या जातीच्या मातीतून घेतला. काळा काजळीतून आणि हिरवा हिरवट दगडातून. निळा मात्र लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो दूर अफगाणिस्तानाकडून आणावा लागे. दीड हजार वर्षं झाली, तो गेरू अजून लाल आहे. तोच गेरू आपण तुळशीवृंदावनाला लावतो आणि पोळ्याला बैलांच्या अंगावर त्याचे ठसे उठवतो.

आता आपल्या हाताकडे बघा. रांगोळीची चिमूट कशी धरायची, दोन बोटांतून पूड किती सोडायची, एक रेघ जाड आणि दुसरी बारीक कशी काढायची, हे आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. मऊ खडूचं काम याच्या फार जवळचं आहे. मधे ब्रश नाही, पाणी नाही. रंग थेट बोटांत. कांडीचं टोक टेकवलं की रेघ येते, कांडी आडवी धरून फिरवली की रुंद पट्टा येतो, आणि बोट फिरवलं की दोन रंग एकमेकांत मिसळतात. डोळ्यांत काजळ घालणाऱ्या बाईला हे बोटाचं काम समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी सोय वेळेची. जलरंग लावायला बसलं की मधे उठता येत नाही, ओला रंग वाळला की त्याचे डाग पडतात. तेलरंग वाळायला दिवस लागतात आणि घरभर वास. मऊ खडूला वाळणं हा प्रकारच नाही. दूध उतू जायला लागलं, कांडी खाली ठेवली आणि उठलं. तासाभराने बसा नाहीतर वेचणी आटोपल्यावर पंधरा दिवसांनी बसा, चित्र जिथे सोडलं होतं तिथेच थांबलेलं असतं. आपला दिवस आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. तुकड्यांत करता येईल अशी ही कला आहे.

साहित्य फार लागत नाही. जळगाव-धुळ्याला चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात गेलात तर ‘सॉफ्ट पेस्टल’ असं स्पष्ट सांगून मागा. नुसतं ‘पेस्टल’ म्हटलं तर दुकानदार मुलांचे ऑइल पेस्टल काढून देईल. ओळखायची खूण सोपी आहे : बोटाने चोळल्यावर कोरडी भुकटी लागली तर मऊ खडू, चिकट-मेणचट लागलं तर ऑइल पेस्टल. सुरुवातीला सर्वांत लहान पेटी घ्या. एक पेटी दोघी-तिघींत चालते.

कागद गुळगुळीत नको. पूड अडकून बसायला कागदाला थोडी खरखर लागते. गुळगुळीत कागदावर रंग घसरतो आणि झटकला की पडतो. हातकागद मिळाला तर उत्तम. सरावाला जाड खाकी कागदाची खरखरीत बाजू चालते. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक दाण्याचा झिरो पॉलिश पेपरसुद्धा रंग छान धरतो. कागद पांढराच हवा असं नाही. उलट खाकी, करडा असा मधला रंग असला तर त्यावर गडद रंगही दिसतो आणि पांढराही उठून दिसतो.

आता एक चित्र काढून बघू. आपल्या घरातलंच काहीतरी घेऊ, भरताचं वांगं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला माहीत असेल. भाजून, सोलून आपण ते हजार वेळा केलं असेल. आज ते भाजायच्या आधी नीट बघायचं आहे.

वांगं दाराजवळ असं ठेवा की उजेड एकाच बाजूने येईल. आता डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक गोष्टी दिसेनाशा होतील आणि वांग्याचे तीन भाग दिसतील : उजेडाचा, मधला आणि सावलीचा. पाठीशी पुठ्ठा घेऊन कागदाला चिमटा लावा. पुठ्ठा थोडा उभा धरा, म्हणजे भुकटी चित्रावर न साठता खाली पडेल. मग हलक्या हाताने बाहेरची रेघ काढा.

मऊ खडूचा एक नियम लक्षात ठेवा : गडद आधी, फिकट नंतर, आणि हात सुरुवातीला हलका. पोपटी कांडी आडवी धरून सगळ्या वांग्यावर एक पातळ थर द्या. सावलीच्या बाजूला गडद हिरवा लावा. त्यावर थोडासा जांभळा नाहीतर तपकिरी फिरवा, काळा लावू नका. सावली काळी नसते. भर दुपारी लिंबाच्या झाडाखालची सावली बघा, तिच्यात निळसर झाक दिसेल. मग दोन रंग जिथे भेटतात तिथे बोट एकदा फिरवा. एकदाच. सारखं चोळत राहिलं की रंग मळकट होतो आणि सगळं चित्र धुरकट दिसायला लागतं. उजेडाच्या बाजूला फिकट पिवळसर रंग द्या. देठ काढा, त्याचे काटे टोकाने ओढा. वांग्याची जमिनीवर पडलेली सावली काढा, नाहीतर वांगं हवेत तरंगेल. आणि सर्वांत शेवटी, जिथे उजेड चमकतो तिथे पांढरी कांडी एकदाच दाबून टेकवा. त्याला बोट लावू नका.

तो पांढरा ठिपका पडतो ना, त्या क्षणाला वांगं एकदम गोल होतं. कागदावरून उचलून घ्यावं असं वाटतं. हा आनंद सांगून कळायचा नाही, एकदा करून बघा.

यात अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात हप्ता, भाव, पाहुणे, पाणी यांतलं काही डोक्यात येत नाही. येतं ते एवढंच की हा हिरवा जास्त पिवळा आहे की जास्त निळा. नंतर ही सवय डोळ्यांना लागते. बैठका आटोपून संध्याकाळी एसटीने परत येताना मी खिडकीतून सातपुडा बघते. आधी जांभळा, मग निळा, मग राखेसारखा. डोंगर तिथेच होता, गाडीही रोजचीच होती. बघणं तेवढं नव्याने आलं.

आता काळजीच्या गोष्टी. याची भुकटी उडते. ती तोंडाने फुंकू नका, पुठ्ठा हळूच बाहेर नेऊन टिचकी मारा. खालची जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम करताना पंखा बंद हवा. वैशाखात आपल्याकडे पंखा बंद करा म्हणणं म्हणजे थट्टाच. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा. दमा असेल तर नाकाला रुमाल बांधा. कणकेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा आणि खडू लहान मुलांपासून लांब ठेवा, ते तोंडात घालतात.

ज्यांना पेटी विकत घ्यायची नाही, त्यांना मातीच्या रंगांचे खडू घरी करता येतात. ती कृती अशी. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो कतिरा डिंक पाव चमचा घ्या, अर्धा पेला पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्याने गाळून घ्या. गेरू बारीक वस्त्रगाळ करा. रंगाच्या दुकानात व्हाइटिंग पावडर मिळते, ती थोडी मिसळा. जितकी जास्त मिसळाल तितका रंग फिका होईल, तशा दोन-तीन छटा करून ठेवता येतात. हे डिंकाचं पाणी थोडं थोडं घालून कणकेसारखा गोळा करा, कागदावर बोटाएवढ्या कांड्या वळा आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. आधी एकच कांडी करून बघा. कडक झाली, रेघ उमटेना, तर डिंकात अजून पाणी घाला. हातात भुगा झाला तर डिंक थोडा वाढवा. गेरूत मुळातच चिकणमाती असते, त्याला डिंक फार कमी लागतो. असाच पिवडीचा पिवळा होतो, काजळीचा काळा होतो आणि नुसत्या व्हाइटिंगचा पांढरा. निळा मात्र बाजारातूनच आणावा लागतो. अजिंठ्यालाही तो बाहेरूनच आला होता!

यात दोन गोष्टी कधीही घालू नका : शेंदूर आणि हिंगूळ. खऱ्या शेंदरात शिसं असतं आणि हिंगुळात पारा. त्यांची भुकटी श्वासातून गेली तर विष आहे. रंगपंचमीचे रंगही नकोत, त्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. हळद विषारी नाही, पण तिचा रंग उन्हात उडून जातो. आणि रांगोळीची पूड फार जाड असते, ती कागदाला धरत नाही.

चित्र झालं की ते सांभाळायचं कसं? वर डिंक नाही, तेल नाही, त्यामुळे हात लागला की पुसतं. चित्रावर बटर पेपर ठेवून वहीत सपाट ठेवा. भिंतीवर लावायचं असेल तर काचेच्या चौकटीत, आणि काच चित्राला टेकणार नाही अशी मधे पुठ्ठ्याची पट्टी घालून लावा. रंग बसवण्याचा फवारा बाजारात मिळतो, पण त्याने रंग थोडे काळपट होतात.

एवढी नाजूक गोष्ट टिकते का? टिकते. इटलीत व्हेनिस शहरात १६७३ साली रोझाल्बा कारिएरा नावाची मुलगी जन्मली. तिची आई लेस विणायची. रोझाल्बाने सुरुवातीला तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर छोटी चित्रं रंगवली आणि पुढे मऊ खडूंनी माणसांचे चेहरे काढू लागली. तिच्या चित्रांची एवढी कीर्ती झाली की १७२० साली पॅरिसला गेल्यावर तिथल्या राजाच्या चित्रकला अकादमीने तिला सदस्य करून घेतलं. त्या काळात बाईला तिथे क्वचितच प्रवेश मिळे. शेवटच्या वर्षांत तिची दृष्टी गेली आणि १७५७ साली ती वारली. पण काचेआड जपलेली तिची खडूची चित्रं आज तीनशे वर्षांनंतरही जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात बघायला मिळतात. त्यातला गालावरचा गुलाबी रंग म्हणजे शेवटी कागदावर बसलेली भुकटीच आहे. कुणीतरी ती जपली, म्हणून राहिली.

काय काढायचं, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यासाठी लांब जायला नको. मेरी कसाट ही अमेरिकन चित्रकर्ती, १८४४ ते १९२६ हा तिचा काळ, फ्रान्समध्ये राहून काम करायची. मऊ खडूंनी तिने पुन्हा पुन्हा काय काढलं? आई आणि मांडीवरचं मूल. आणि आपल्या चाळीसगावचे केकी मूस, १९१२ ते १९८९, छायाचित्रकार आणि चित्रकार. आयुष्याची कितीतरी वर्षं ते आपल्या घरातच राहिले आणि टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडून त्यांनी अशी छायाचित्रं घेतली की बघणाऱ्याला ते खरंखुरं दृश्य वाटावं. त्यांचं घर आता कलादालन आहे, कधी चाळीसगावला गेलात तर बघून या. मग आपल्याकडे तर विषयांना तोटा नाही. रावेर-यावलचं केळीचं पान, ओसरीवर रचलेला कापूस, चूल, सुपातली ज्वारी, फाल्गुनातला पळस, झोपलेली सासू!

आता पुन्हा पैशाच्या प्रश्नाकडे येते. चित्रं विकता येतील का, प्रदर्शनात स्टॉल लावता येईल का, असं कुणी ना कुणी विचारतंच. पुढेमागे कुणाचा हात बसला आणि गिऱ्हाईक मिळालं तर वाईट नाही. पण सुरुवातच तिथून केली तर गिऱ्हाइकाला काय आवडेल तेच आपण काढायला लागू, आणि मग ते आणखी एक काम होईल. आपल्याकडे कामं काय कमी आहेत? घरी कुणीतरी म्हणेल, रिकामटेकडी आहेस का? पारावर दुपारभर पत्ते खेळणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाईच्या अर्ध्या तासाचा मात्र हिशेब मागितला जातो. आणि खरं सांगायचं तर तो हिशेब सगळ्यांत आधी आपणच आपल्याला मागतो.

तसं पाहिलं तर आपण जन्मभर सुंदर गोष्टी करत आलो. सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जाते. गोधडी अंगाखाली विरते. कानबाईची सजावट दुसऱ्या दिवशी उतरते. त्यांवर कुणाचं नाव नसतं. कागदावरचं चित्र मात्र वहीत राहतं. पुढच्या वर्षी काढून बघता येतं की मागच्या पावसाळ्यात आपला हात कसा होता आणि आता कसा आहे.

म्हणून एक सुचवते. गटाने मिळून एक पेटी घ्या आणि बैठकीत ठराव करून एकीच्या ताब्यात द्या. महिन्यातून एक दिवस बैठक आणि वसुली आटोपली की अर्धा तास सगळ्यांनी मधे एकच वस्तू ठेवून चित्र काढायचं. तांब्या ठेवा, लिंबू ठेवा, वांगं ठेवा. स्पर्धा नको, नंबर नको. दहा जणींची दहा वांगी शेजारी शेजारी ठेवून बघा, एकही दुसऱ्यासारखं नसेल. जिला वाटतं मला काही येत नाही, तिच्या वांग्याकडे आधी बघा.

शेवटी एकच. गटात आलो तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही करायला शिकल्या. ती सही आजवर कर्जाच्या कागदावर, ठरावाच्या वहीत आणि बँकेच्या पावतीवर केली. आता ती चित्राच्या खालच्या कोपऱ्यात करा, तारखेसकट.